चौथा तक्ता कोण उघडतं?

१

बुधवारी सकाळी दहा वाजता यादीत तेवीस शोधनिबंध होते. साडेदहाला बावीस उरले.

संचालकांच्या टेबलावर तेव्हा पाच गोष्टी होत्या : सुधारलेली यादी, प्रसिद्धी विभागाचं तक्रारीचं पत्र, एकोणतीस पानांची संगणकातली नोंद, गार झालेला अर्धा कप चहा आणि खोली क्रमांक चौदाची किल्ली. यातली किल्ली तिथे असायला नको होती. खोली चौदा ही बाईंची प्रयोगशाळा, आणि गेली एकोणीस वर्षं किल्ली त्यांच्या पर्समध्ये असायची.

"बस," संचालक म्हणाले. "इथे लागून किती महिने झाले तुला?"

"सात, सर."

"त्याआधी?"

"दोन वर्षं बाईंची विद्यार्थिनी होते. ते मी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहीन."

"लिही. खरं तर हे काम तुला द्यायलाच नको. पण या इमारतीत नोंदी वाचता येणारी तू एकटीच आहेस. बाकीचे नुसते आकडे वाचतात."

मी मोजणी कक्षात काम करते. संस्थेतला कोणता शोधनिबंध किती वेळा उघडला गेला, समाजमाध्यमांवर किती जणांनी शेअर केला, पुढे किती संशोधकांनी त्याचा आधार घेतला, हे सगळं आम्ही मोजतो. वर्षातून एकदा त्यातून प्रभाव-यादी निघते. त्या यादीतून बाईंचा निबंध काढून टाकला होता.

निबंधाचं नाव लांबलचक आणि कोरडं होतं : 'नवजात बालकांच्या बंद पेटीतील झरोक्यामुळे होणारी अल्पकालीन उष्णताहानी'. पंधरा महिन्यांत त्याला तीन शेअर मिळाले होते. उघडला मात्र गेला होता तेराशे चौदा वेळा, आणि त्यातले बाराशे त्र्याऐंशी इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून. दर वेळी सहावं पान, तक्ता चौथा.

"एकाच ठिकाणाहून एकच पान बाराशे त्र्याऐंशी वेळा," संचालक म्हणाले. "माणूस असं करतो का? एकदा डाउनलोड केलं की झालं. हे यंत्राचं काम आहे आणि यंत्राला कुणीतरी जुंपलंय. शुक्रवारी चार वाजता समिती बसते. तोवर माणूस सापडला नाही, तर बाईंच्या नावापुढे 'अप्रामाणिकपणा' असा शेरा लागेल आणि खोली चौदा व्हिडिओ स्टुडिओला जाईल."

"आणि सापडला तर?"

त्यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.

"त्या बाईच निघाल्या, तर चारची वाट बघायची गरज नाही."

२

प्रसिद्धी अधिकाऱ्याला संस्थेत सगळे ट्रेंडोबा म्हणतात. तो रागवत नाही, उलट पाटीवर तसंच लिहा म्हणतो. त्याच्या खोलीत गोल दिवा, तीन पायांचा स्टँड आणि जमिनीवर वायरींचं जंजाळ होतं.

"या, मोजणीताई! वायर बघा, वायर! पडलात तर माझ्यावर केस टाकाल."

"पत्र तुम्ही दिलंत?"

"मीच दिलं, आणि सही करून दिलं. पाठीमागून वार करणाऱ्यातला नाही मी." तो खुर्ची फिरवत म्हणाला. "अहो, तीन शेअर! तीन! त्यातला एक आमच्या खात्यावरून आपोआप होतो. एक कार्यशाळेतल्या मिस्त्रीकाकांचा. तिसऱ्याचं बोट चुकून पडलं होतं, त्याने दुसऱ्या दिवशी काढून टाकला."

"म्हणजे दोन."

"तुम्ही पण ना! मुद्दा हा, की ज्याचा कुठे गाजावाजा नाही ते हजार वेळा उघडलं जाईल कसं? धूर कुठेच नाही आणि आग लागली म्हणे!"

"तुम्हाला खोली चौदा हवी आहे."

"हवीच आहे. तोंडाला फडकं बांधून कशाला सांगू? पण त्यासाठी त्यांना खड्ड्यात घालायचं असतं, तर मी रोज पाच हजार वेळा उघडला असता. बाराशे म्हणजे अगदीच चिंधीगिरी."

त्याचं म्हणणं तपासून बघितलं. तो पत्ता संस्थेबाहेरचा होता, एका मोठ्या इंटरनेट कंपनीचा. पुढे तो कुणाला दिलाय हे कंपनी सांगत नाही. ट्रेंडोबाच्या यंत्रांशी त्याचा काही संबंध दिसला नाही.

दुसरे संशयित होते फुगेवाले सर. त्यांच्या खोलीत परात भरून साबणाचं पाणी होतं. साबणाचा फुगा कुठल्या सुरावर फुटतो, हा त्यांचा विषय. त्यांचा व्हिडिओ चार लाख बारा हजार लोकांनी पाहिला होता, अडतीस हजार सहाशे जणांनी शेअर केला होता. निबंध उघडला होता दोनशे एक्याण्णव वेळा.

"त्यातले माझे स्वतःचे किती ते विचारू नकोस," ते म्हणाले.

"सर, बाई यादीतून गेल्या तर फायदा कुणाचा?"

"माझा तर नाही. त्या यादीत असत्या तरी मी पहिलाच. अडतीस हजारांसमोर कोण उभं राहणार?" ते हसले, पण पुरतं नाही. "तुला एक गंमत दाखवू?"

भिंतीवर वहीचं एक पान चिकटवलं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलीने व्हिडिओ पाहून लिहिलं होतं, की दोन फुगे एकमेकांना चिकटले तर सूर बदलतो का?

"चार महिने डोकं फोडतोय. उत्तर सापडत नाहीये. हा प्रश्न मला त्या व्हिडिओने मिळवून दिला. तू तो कुठल्या रकान्यात भरतेस?"

"असा रकाना नाही, सर."

"मग तुझे रकानेच कमी आहेत, बाळा."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. का, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मग कार्यशाळेतून येणाऱ्या नोंदी उघडल्या आणि पेन खाली ठेवलं. तिथून कुणीतरी बाईंचा निबंध दर महिन्याला, ठरल्या तारखेला उघडत होतं.

३

किल्ली गेल्यामुळे बाई कार्यशाळेत बसल्या होत्या. लेथ मशीनशेजारी, स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन. मिस्त्रीकाका त्यांच्यासाठी उगाचच एक जागा पुसत होते.

"ये," बाई म्हणाल्या. "मला आधी विचार. संशयिताला ताटकळत ठेवू नये."

"बाई, तुम्ही उघडत होतात?"

"मी माझाच पेपर बाराशे वेळा वाचला असता, तर पान दोनवरची छपाईची चूक मला सापडली नसती का? ती त्यांनी दाखवली." त्यांनी काकांकडे मान उडवली.

हा निबंध मला आतून-बाहेरून माहीत होता. कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात. पेटीला हात घालण्यापुरती गोल खिडकी असते. ती उघडली की ऊब बाहेर जाते आणि बाळ गार पडू लागतं. किती वेळात? आठशे ग्रॅमचं बाळ आणि दोन किलोचं बाळ यांत फरक किती? खोली गार असेल तर? आठशे ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतच्या पाण्याच्या ऊबदार पिशव्या घेऊन बाईंनी ते अकरा महिने मोजलं. पेटी काकांनी बनवली. घड्याळ माझ्या हातात होतं. चारशे बारा मोजण्या, आणि त्यांचं सगळं सार चौथ्या तक्त्यात : बाळाचं वजन, खोलीचं तापमान आणि खिडकी जास्तीत जास्त किती वेळ उघडी ठेवावी ते.

"रुग्णालयांना कळवलं होतं ना?"

"नऊ पत्रं पाठवली. एक पोहोच आली. शिक्का छान होता."

मी काकांकडे वळले. "काका, तुमच्या संगणकावरून हा पेपर चौदा वेळा उघडलाय. दर महिन्याच्या एक तारखेला."

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्यामुळे बाईंवर आलं का गं पोरी हे?"

"आधी सांगा तर, का उघडत होतात?"

"पान तीनवर माझ्या पेटीचा फोटो आहे." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "खाली लिहिलंय, 'निर्मिती : संस्थेची कार्यशाळा'. नाव नाही, पण मला ठाऊक आहे ना. पगाराच्या दिवशी एकदा बघतो. बायकोला दाखवला, व्याह्यांना दाखवला. बरं वाटतं जिवाला. पुढची पानं काही मला झेपत नाहीत."

नोंदीत तसंच होतं. चौदाच्या चौदा वेळा पान तीन, पुढे काही नाही.

बाई काकांकडे वळल्या. "पुढच्या पेपरात नाव छापू हो तुमचं," त्या म्हणाल्या. "राहून गेलं माझ्याकडून."

"आधी खोली तर राहू दे," काका म्हणाले.

चौदा सुटले. आणखी सतरा निरनिराळ्या पत्त्यांवरून एकेकदा आले होते, ते साधे वाचक. उरले बाराशे त्र्याऐंशी.

"तुला काय वाटतं?" मी निघताना बाईंनी विचारलं. "मी केलं असेल?"

"मला अजून काहीच वाटत नाही, बाई. नोंदी बघायच्या आहेत."

मला वाटलं त्या दुखावतील. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"शाब्बास. शिकवलेलं वाया नाही गेलं."

४

दुपारभर मी ती एकोणतीस पानं वेळेप्रमाणे लावली.

तीन ढीग पडले. सकाळी सातच्या आसपास, दुपारी दोनच्या आसपास आणि रात्री नऊच्या आसपास. आसपास म्हणजे कधी सहा अठ्ठेचाळीस, कधी सात सतरा. सात म्हणजे सात, असं कधीच नाही. यंत्र वेळ पाळतं. हे जे कोण होतं त्याला मध्येच कुणीतरी हाक मारत होतं, दारात थांबवत होतं. अर्थात, हुशार लबाड असेल तर तो यंत्रालाही उशीर करायला शिकवू शकतो. तेवढ्याने समितीचं समाधान झालं नसतं.

पहिल्या नोंदीपासून मंगळवारपर्यंत चारशे तीस दिवस झाले होते. त्यातल्या चारशे पंचवीस दिवशी तीन-तीन वेळा, दोन दिवशी चार-चार वेळा. सुट्ट्या नाहीत, रविवार नाहीत. आणि तीन दिवस, सलग, एकदाही नाही : बारा, तेरा, चौदा तारीख.

संध्याकाळी जेवताना हे आकडे डोक्यात फिरत होते. समोर दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची चिमणी. चिमणी मला घासागणिक एक बातमी देत होती.

"आत्या, आज माझा दात हलला. आत्या, तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतेय. दात हलला."

"कुठला?"

मी उत्तर शोधत वर पाहिलं आणि नजर फ्रिजवर गेली. तिथे वहिनीच्या ड्युट्यांचा तक्ता लावलेला असतो, वर्षानुवर्षं. पिवळा रंग सकाळ, निळा दुपार, काळा रात्र. त्यावर वेळा लिहिल्या होत्या. सात. दोन. नऊ.

घास हातातच राहिला. वहिनी नर्स आहे. बाळांच्या वॉर्डात. हे मला रोज माहीत होतं. पण नऊ पत्रांना उत्तर न देणाऱ्या जगात रुग्णालयं मी कधीच खोडून टाकली होती.

"वहिनी, तुमच्या वॉर्डात—"

"ए," दादाने चमचा ठेवला. "टेबलावर वॉर्ड नाही."

हा आमच्या घरचा नियम. दीड वर्षापूर्वी वहिनीच्या वॉर्डात एक आठवडा फार वाईट गेला होता. ती ताटासमोर बसायची आणि जेवायची नाही. तेव्हा दादाने ठरवलं, की वॉर्ड चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा. मग ती जेवू लागली, आणि नियम राहिला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती उठली आणि दार उघडून बाहेर गेली.

५

बाहेर चपलांचं कपाट आहे. त्यावर बसून ती म्हणाली, "हं, वन्सं. इथे चालतं. विचारा."

माझ्यावर खूष असली किंवा चिडलेली असली, की ती मला वन्सं म्हणते.

प्रश्न असा विचारायचा, की त्यात उत्तर नको. मी निबंधाचं नावही काढलं नाही.

"गेल्या सव्वा वर्षात तुझा वॉर्ड कधी बंद होता?"

"एकदाच. छतातला पाइप फुटला होता. बाळं दुसऱ्या रुग्णालयात हलवली, आम्हाला तीन दिवस सुट्टी."

"तारीख?"

"तारखा तू लक्षात ठेवतेस, मी नाही. चिमणी सायकल शिकली ना, ते दिवस. मी घरी होते म्हणून तर शिकली. तुझ्या दादाने धरली असती, तर अजून धरूनच असता."

सायकलचे फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात होते. सहा माणसांचा गट : आई, बाबा, दादा, वहिनी, काकू आणि मी. मी फोन काढून वर सरकत गेले. बारा तारीख : चिमणी, गुडघा खरचटलेला. तेरा तारीख : चिमणी, दुसरा गुडघा. चौदा तारीख : चिमणी सायकलवर, पाठीमागे कुणी नाही.

बारा, तेरा, चौदा.

"अगं, तोंड मिट," वहिनी म्हणाली. "काय झालं?"

"थांब." पहिली नोंद चारशे तीस दिवसांपूर्वीची होती, सकाळी सात वाजून चार मिनिटांची. मी तशीच आणखी वर गेले, त्याच दिवसापर्यंत.

सकाळी सहाला वहिनीने गटात लिहिलं होतं : 'पेटीची खिडकी किती वेळ उघडी ठेवली तर चालते, हे कुणी मोजलंय का?' टेबलावर विचारता येत नव्हतं, म्हणून लिहून विचारलं होतं. खाली बाबांनी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं होतं. त्याखाली एक उत्तर होतं : 'हो, आमच्या बाईंनी. पान सहा बघ.' आणि निबंधाची लिंक. मग वहिनीचा अंगठा. मग काकूचंही फूल.

उत्तर माझं होतं. दुधाच्या रांगेत उभं राहून घाईत पाठवलेलं आणि विसरलेलं. ज्याला मोजणीचा काटा आहे, ते सगळं मी सात महिने मोजत होते. या संदेशाला काटा नव्हता.

ज्या माणसाला मी शोधत होते, ती मीच होते.

"तू वापरतेस तो तक्ता?" मी विचारलं.

"मी? सगळा वॉर्ड वापरतो."

"मग मला सांगितलं का नाहीस कधी?"

"कुठे सांगू?" वहिनीने बंद दाराकडे बोट केलं. "टेबलावर वॉर्ड नाही."

एक गाठ तरीही सुटली नव्हती, आणि समिती नेमकी तिच्यावरच बोट ठेवणार होती. एकदा डाउनलोड करून ठेवण्याऐवजी बाराशे त्र्याऐंशी वेळा उघडायचं कशाला?

"ते सांगून पटायचं नाही," वहिनी म्हणाली. "उद्या सव्वासहाला तयार राहा. नखं कापून ये."

६

काचेपलीकडे चौदा पेट्या होत्या. काचेच्या अलीकडे मी, आणि माझ्यासमोर हात मागे बांधून मोठ्या सिस्टर. वॉर्ड त्यांचा.

"हातात काय आहे?"

"वही."

"बाहेर ठेवा. कागद पुसता येत नाही. जे पुसता येत नाही ते आत येत नाही."

"भिंतीवर तक्ता लावला तर?"

"तोही कागदच."

आत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एकच टॅब होता. पाळी बदलताना तो स्पिरिटने पुसतात. मग आतूनही पुसतात. बाळांची माहिती त्यात राहू नये, म्हणून सगळं काढून टाकायचं, असा त्यांचा नियम. पाळी संपली की टॅब कोरा, शाळेच्या पाटीसारखा. म्हणून नवी पाळी आली, की पहिलं काम ठरलेलं : पान सहा उघडायचं आणि प्रत्येक पेटीपुढे उभं राहून, त्या बाळाच्या आजच्या वजनाप्रमाणे, मोठ्याने मर्यादा वाचायची.

सातला बारा मिनिटं कमी होती तेव्हा वहिनी आत गेली. एक डॉक्टर आडवे आले, तिला बोलण्यात गुंतवलं. मग एका पेटीचा अलार्म वाजला. सात वाजून सहा मिनिटांनी तिने टॅब हातात घेतला. काचेतून मला तिचे ओठ दिसत होते. पहिली पेटी, वजन, मिनिटं, सेकंद. मागे उभी असलेली मुलगी तेच पुन्हा म्हणत होती. चौदाही पेट्या झाल्या.

मी फोनवर संस्थेची नोंद उघडली. शेवटची ओळ : सात वाजून सहा मिनिटं, पान सहा.

"दोन दिवशी चार-चार वेळा उघडलाय," मी मोठ्या सिस्टरांना विचारलं. "ते कसं?"

"टॅब पडला होता. दोनदा. पुन्हा चालू करावा लागला." त्यांनी तारखाही सांगितल्या. "माझ्या वॉर्डात काही पडलं, तर मी लिहून ठेवते. कुणाच्या हातून, तेही."

दोन्ही तारखा जुळल्या.

मग त्यांच्या खोलीत त्यांनी एक रजिस्टर उघडलं. तक्ता यायच्या आधीच्या चारशे तीस दिवसांत वॉर्डात दोनशे चौदा बाळं होती. त्यांतली अठ्ठावन्न एकदा तरी गार पडली होती. तक्ता आल्यानंतर दोनशे छत्तीस बाळं. गार पडली एकोणीस.

मी ते दोनदा वाचलं.

"सिस्टर, हे तुम्ही लिहिणाऱ्यांना का नाही कळवलंत? त्यांनी नऊ रुग्णालयांना पत्रं पाठवली होती."

"पत्रं वर जातात, खाली येत नाहीत. आणि एवढं मोजणाऱ्या बाई, म्हणजे केवढ्या मोठ्या असतील! त्यांना अशी पत्रं रोज पोत्याने येत असतील, म्हटलं आपलं कुठे भर घालायची."

"काल त्यांची खोली काढून घेतली," मी म्हटलं.

मोठ्या सिस्टरांनी रजिस्टर मिटलं.

"कोणी?" त्या म्हणाल्या. "आणि ते लोक बसतात कुठे?"

७

शुक्रवारी चारला समितीच्या खोलीत सात माणसं आणि अकरा खुर्च्या होत्या. बाई टोकाला बसल्या होत्या, पर्स मांडीवर. मिस्त्रीकाका दाराशी उभे होते, बस म्हटलं तरी बसेनात.

मी अहवाल वाचला. पहिली ओळ : मी बाईंची विद्यार्थिनी होते. दुसरी ओळ : ज्या व्यक्तीमुळे या नोंदी सुरू झाल्या, ती मी आहे.

"काय?" ट्रेंडोबा खुर्चीतून उठला.

"एक संदेश पाठवला. सहा माणसांच्या गटात. तुमच्या हिशेबात तो येत नाही, माझ्याही आला नव्हता."

मग मी एकेक पुरावा ठेवला. पाळ्यांच्या वेळा. पाइप फुटल्याचे तीन दिवस आणि नोंदीतले तीन रिकामे दिवस. टॅब पडल्याच्या दोन तारखा. आणि शेवटचा पुरावा संचालकांनी स्वतः पाहिला होता. दुपारी दोनच्या सुमाराला मी त्यांना पडद्यासमोर बसवलं होतं आणि वॉर्डाला फोन लावून दिला होता. दोन वाजून तीन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, "उघडला." त्याच मिनिटाची ओळ पडद्यावर उमटली.

"आपला नियम म्हणतो, एक पत्ता म्हणजे एक माणूस," मी म्हटलं. "त्या पत्त्यामागे अठरा नर्स आहेत. आपण लोक पेपर एकदा डाउनलोड करतो आणि पुन्हा कधी उघडत नाही. म्हणून जो पुन्हा पुन्हा उघडतो, तो आपल्याला चोर वाटला."

फुगेवाले सर मोठ्याने हसले. "माझ्या संगणकात चारशे पडलेत न वाचलेले!"

"मग शेअरना काहीच अर्थ नाही म्हणायचं?" ट्रेंडोबाने विचारलं. या वेळी तो खरंच विचारत होता.

"तसं मला म्हणता येत नाही. तेवीस निबंधांचे शेअर आणि पुढे घेतलेला आधार, यांचं नातं मी मोजलं. पूर्ण नातं असेल तर एक येतो, अजिबात नसेल तर शून्य. आलं शून्य पूर्णांक शून्य नऊ. पण तेवीस म्हणजे फारच थोडे. सरांच्या भिंतीवरचा तो प्रश्न शेअरमुळे आला, आणि तो या आकड्यात नाही. वॉर्डही नाही. आपण मोजतोय ते नक्की काय आहे, हे आपल्याला माहीत नाही. माझ्या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं."

दारावर टकटक झाली. मोठ्या सिस्टर होत्या, गणवेशात, काखेत रजिस्टर.

"मला दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "तक्ता कुणी केला?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या, वर्गात नाव पुकारल्यासारख्या.

"मी. पेटी यांनी बनवली. मोजलं हिने."

मोठ्या सिस्टरांनी रजिस्टर बाईंसमोर उघडून ठेवलं आणि दोन आकड्यांवर बोट टेकवलं. अठ्ठावन्न. एकोणीस. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकूण बाळं किती ते विचारलं. मग ओठ हलवत मनातल्या मनात भागाकार केला. आम्ही थांबलो.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता. पर्सचा बंद मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

संचालकांनी पेन काढलं आणि यादीत, बाविसाव्या ओळीखाली, स्वतःच्या अक्षरात तेविसावी ओळ लिहिली. मग किल्ली पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि दाराशी जाऊन मिस्त्रीकाकांच्या हातात ठेवली.

"तुम्ही उघडा."

काकांनी आधी हात पँटला पुसला.

"याचा व्हिडिओ करू या का? वॉर्डात जाऊन?" ट्रेंडोबा म्हणाला. "मनापासून म्हणतोय."

"आत फोन येत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पुसता येत असेल तर तुम्ही या."

शनिवारी सकाळी सातला बाई आणि मिस्त्रीकाका काचेबाहेर उभे होते. काकांनी नवा शर्ट घातला होता. ते पेटीची बिजागरी न्याहाळत होते आणि अधूनमधून मान डोलवत होते. वहिनीने टॅब उघडला, तक्ता वाचला, टॅब बाजूला ठेवला, हात धुतले आणि नवव्या पेटीची खिडकी उघडली. बाईंनी पर्समधून घड्याळ काढलं.

बाळाचं वजन एक हजार एकशे चाळीस ग्रॅम. खोलीचं तापमान सव्वीस अंश. तक्त्याप्रमाणे मर्यादा तीन मिनिटं दहा सेकंद. खिडकी उघडी होती दोन मिनिटं बावन्न सेकंद. बाळाचं तापमान आधी ३६.८, नंतर ३६.७.